नऊशे जण येणारच

शीलाने रेशन दुकानाच्या पायरीवर रिकामं पोतं अंथरलं आणि दाराकडे पाठ करून ठाण मांडून बसली. आत दुकानदार शाम तांदळाची पोती उगाच इकडची तिकडे करत होता. साडेदहा झाले होते. अकराला नऊशे लोक येऊन त्याच्या दुकानाला टाळं ठोकणार होते, आणि हे सगळं तिच्याच मोबाईलमधून निघालं होतं.

झालं होतं असं, की परवा संध्याकाळी ठसे घेणाऱ्या मशीनने म्हाताऱ्या तुळसाबाईचं बोट घेतलं नाही. "जा माय, तुमचं होत नाही," असं शाम म्हणाला, तेवढाच व्हिडिओ शीलाने मोबाईलवरून सगळीकडे टाकला. मग त्याने घरच्या डब्यातले पायलीभर गहू म्हातारीच्या पिशवीत ओतले. ते शीलाने कापलं. ते ठेवलं असतं तर व्हिडिओकडे कोण ढुंकून पाहणार होतं? चाळीस हजारांनी पाहिला. उमरखेडच्या कुणा शूरवीराने शामला गरिबांचं खाणारा ठरवून मोर्चाची वेळच जाहीर केली. खाली नऊशे जणांनी लिहिलं, "येणारच!" ते वाचून शीलाने व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर तो गावोगाव पोचला होता.

"तू कायले बसली इथं?" शामने आतून विचारलं.

"पयले मले उठवा लागन त्याइले."

"मी पाह्यला तो व्हिडिओ."

"मीच कापला, भाऊ. माह्यंच चुकलं."

शामने पाण्याचा तांब्या आणून तिच्या शेजारी ठेवला.

अकरा वाजले. महागावकडून एसटी आली तसा शीलाचा जीव टांगणीला लागला. उतरले दोन मास्तर. साडेअकराला एका मोटारसायकलवरून दोघे आले, मोर्चा कुठे आहे म्हणून विचारलं, दुकानासमोर मूठ उगारून फोटो काढला आणि आल्या वाटेने गेले. पावणेबाराला शीलाला हसू फुटलं. हसता हसता डोळे भरून आले. लोकांच्या आळसाचे तिने मनोमन पाय धरले.

तेवढ्यात तुळसाबाई आली. केसांत कापूस, कमरेला वेचणीची ओटी तशीच.

"येचणं सोडून आली मी. मोर्चा कोणाचा हाय वं?"

"तुमचाच व्हता, आजी."

"माहा? अन् मलेच पत्ता नाही?"

शीलाची मान खाली गेली. मग तिने हळूच विचारलं, "तुमाले काय पाह्यजे व्हतं, आजी?"

म्हातारीने बोटं पुढे केली. बोंडांनी ती ओरबाडली होती.

"दिवसभर येचून आलं का मशीन बोट घेत नाही. सकाळी घेते. पण हा दुकान उघडते दहाले, अन् मले आठले वावरात जा लागते. एक दिवस सातले उघड म्हणा त्याले."

शाम दारात येऊन उभा होता.

"एवढंच? उद्याच उघडतो, माय. पण हे आधी काहून नाही सांगतलं?"

"इचारलं कोणं?" तुळसाबाई म्हणाली, आणि उरलेला अर्धा दिवस भरायला वावराकडे चालू लागली.