पाहुणीच्या खांद्याची शिवण

अधिपतीने आजवर एकाही शत्रूला ताटकळत ठेवलं नव्हतं. खुर्ची, गरम पाण्याचा पेला, घरच्यांची चौकशी, सगळं यथासांग. पण त्याही आधी, यानातून उतरलेल्या पाहुण्याचा अवकाशपोशाख तो स्वतःच्या हाताने उतरवून घ्यायचा. गळ्याची कडी सोडायची, हातमोजे ओढायचे, खाली बसून बुटांचे पट्टे सैल करायचे. एवढा मोठा माणूस पायाशी बसलेला पाहून शत्रूंना अगदी गहिवरून यायचं.

अधिपतीचे डोळे मात्र कामात असायचे. हवेची गाळणी काळी पडलेली दिसली, की समजायचं, यांच्याकडे नव्या गाळण्या संपल्यात. कमरपट्ट्याला ताजं भोक पाडलेलं असलं, की पोटाला चिमटा बसतोय.

"शिवाय ताई," तो थोरल्या बहिणीला समजावायचा, "अपमान झालेला माणूस तोफेला हात घालतो. मान मिळालेल्याला रागच येत नाही. मग लढणार कशाच्या जोरावर?"

अशा गोडीगुलाबीने त्याने सहा चंद्र खिशात घातले होते.

"तुझं धोरण राहू दे, बारक्या," ताई म्हणायची. सहा चंद्रांवर ज्याच्या नावाने माणसं चळाचळा कापत, त्याला बारक्या म्हणणारी ती एकटीच उरली होती. "लहानपणी त्या शेजारच्या भांडखोर पोरालाही तू खाऊ नेऊन द्यायचास. तेव्हा कुठला चंद्र हवा होता?"

"त्याची सायकल हवी होती."

"मिळाली?"

"...चालवायला शिकवली त्याने."

उरला होता सातवा चंद्र, पाण्याचा. तिथल्या लोकांनी बोलणी करायला आपली प्रमुखच पाठवली. सगळे तिला पंपवाली म्हणत, कारण प्रमुख झाल्यावरही बिघडलेला पंप उघडायला तीच जायची.

"अहो, राहू द्या, बुटांना वंगण लागलंय," ती संकोचून म्हणाली.

"असू द्या हो. हात धुता येतात," असं म्हणत अधिपतीने तिचा पोशाख खांद्यावरून उतरवला आणि त्याची नजर थबकली. डाव्या खांद्याची शिवण पार उसवली होती, दोनचार धाग्यांवर तग धरून होती. परतीच्या वाटेवर आत हवेचा दाब भरला, की गेलीच. त्याने काही न बोलता पोशाख खुंटीला अडकवला.

बोलणी मजेत झाली. पंपवाली हसली खूप, बधली अजिबात नाही. "पाणी देऊ की! तहानलेल्याला कोण नाही म्हणतं? पण नळ आमच्या हातात राहील." अधिपतीने परोपरीने समजावलं, शेवटी सैन्याचीही आठवण करून दिली. तीसुद्धा अदबीनेच. पंपवाली उठली. "येते मी. तुमचं गरम पाणी छान होतं."

ती घरी पोचली नाही, तर सातवा चंद्र पोरका होऊन आपोआप पदरात पडणार होता. अधिपतीला बोट लावायचीही गरज नव्हती. पोशाख नम्रपणे पुढे धरायचा, एवढंच. त्याने धरला. तिने एक हात घातला.

"थांबा जरा!" तो एकदम ओरडला. "ताई, सुई आण! आणि माझा चष्मा!"

मग तो खुर्चीत बसून, जीभ दातांत धरून, शत्रूचा खांदा शिवू लागला. ताई कमरेवर हात ठेवून उभी.

"हेही धोरणच का रे?"

"अर्थात! ही वाटेत गेली, तर हिची माणसं पेटून उठतील."

"हो हो. टाके बारीक घाल."

पंपवालीला हसू आवरेना. तिने पोशाखाचं अस्तर उलटं करून दाखवलं. आत नवाकोरा, भक्कम थर होता. "वरची शिवण मीच उसवून आणली. पोशाख उतरवताना तुम्ही सगळं टिपता, हे सहाही चंद्रांना ठाऊक आहे. म्हटलं, टिपून गप्प बसतात का, ते बघू. गप्प बसला असतात, तर जाऊन तोफा पुसायला घेणार होते."

अधिपतीचे कान लाल झाले. "आणि आता?"

"आता नळी टाकू. पाणी दोघांचं, नळ आमचा. सैन्य घरी पाठवा. कबूल असेल तर सही करायला आमच्याकडे या. पोशाख आम्ही उतरवू."

अधिपतीने सुईतला धागा तोडला. "कबूल," तो म्हणाला, आणि त्याचं त्यालाच हलकं वाटलं.

सातव्या चंद्रावर त्याचा पोशाख उतरवायला ही झुंबड उडाली. कोणी कडी सोडतंय, कोणी हातमोजे ओढतंय, पण सगळ्यांचे चेहरे भेदरलेले. पंपवालीने बूट काढले आणि सगळ्यांच्या नजरा खाली खिळल्या. दोन्ही मोज्यांतून अंगठे बाहेर डोकावत होते.

"अगं बाई! सहा चंद्रांचा धनी, आणि मोज्यांची ही दशा!"

आधी एकजण फिसकन हसला. मग जो हशा उठला, त्यात अधिपतीही सामील झाला, पार डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. कोणीतरी त्याला खुर्ची दिली, कोणी मोजे रफू करायला नेले. अनवाणी पाय हलवत तो सोबत आलेल्या ताईकडे वळला.

"हे फाटके मोजे मला घालायला तूच काढून ठेवले होतेस ना गं?"

"धोरण रे, बारक्या," ताई गरम पाण्याचा पेला फुंकत म्हणाली. "अंगठा दिसल्यावर माणसाला कोण घाबरणार?"