धरणाऱ्याला वाचता येईल असं

आबांनी जन्मभर शाळेच्या वर्कशॉपमध्ये पोरांना पत्रा कापायला, घासायला, जोडायला शिकवलं. निवृत्त झाले तरी तो किडा काही गेला नव्हता. आता वर्गात एकच विद्यार्थिनी उरली होती, लेकीची लेक. सारखं काहीतरी ओढून आणायची म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. शाळा सुटली की ती आबांकडे यायची आणि लाँड्रीतलं काम आटोपलं की तिची आई तिला घरी घेऊन जायची.

त्या दिवशी मुंगीने दप्तरातून टॉवेलात गुंडाळलेली सुरी काढली. घरातलीच, लांब पात्याची. सुरी दप्तरात घालून शाळेत नेली म्हणून आबांनी आधी तिला चांगलंच फैलावर घेतलं, मग काय करायचंय ते विचारलं. सुट्टीत त्यांनी तिला चमच्यावर पान कोरायला शिकवलं होतं. तसंच सुरीवर कोरायचंय, पण अक्षरं, असं ती म्हणाली. आणि आजच कोरायचं, कारण बाबा यायच्या आत सुरी ड्रॉवरमध्ये परत जायला हवी.

आईला खूश करायचा बेत असेल, असं आबांना वाटलं. त्यांनी खिडक्या उघडल्या, टेबलावर जुनी वर्तमानपत्रं पसरली आणि तिलाच एकेक पायरी सांगायला लावली. पातं साबणाने धुवायचं, मग स्पिरिटने पुसायचं, तेलकट बोटाचा ठसा राहता कामा नये. मग वरून नेलपॉलिशचा थर. तो वाळला की सुईने त्यात अक्षरं कोरायची. जिथे थर निघाला तिथेच मिठाचं पाणी आणि बॅटरी मिळून लोखंड खातात, बाकीचं पातं झाकलेलं म्हणून वाचतं.

"आणि धार?" आबांनी विचारलं.

"धारेवर दोनदा थर. धार खाल्ली गेली तर सुरी बाद."

"शाब्बास. काय लिहायचंय?"

"थांबा."

"थांबू की. पण लिहायचंय काय?"

"तेच. थांबा. दोनच अक्षरं आहेत, मोठी बसतील."

आबा हसले. भाजी चिरणाऱ्याला थांबा म्हणणारी सुरी, आता जेवण कसलं मिळतंय, असं काहीबाही म्हणाले. मुंगी हसली नाही. ती वाळत चाललेल्या पात्याकडे बघत होती. अक्षरांचं डोकं धारेकडे ठेवायचं, असं ती म्हणाली. आबांनी समजावलं की असं कोणी करत नाही, डोकं पात्याच्या पाठीकडे असतं, नाहीतर चिरताना अक्षरं उलटी दिसतात.

"चिरताना नाही," मुंगी म्हणाली. "धरणाऱ्याला वाचता आलं पाहिजे."

तिने टेबलावरची पट्टी उचलली, आडवी धरली आणि हात लांब करून समोर उभ्या असलेल्या कोणाच्या तरी गळ्याला लावावी तशी हवेत टेकवली. मग मान वाकवून पट्टीवर वरून पाहिलं. "असं. बाबांना असं दिसतं."

आबांच्या हातातली बाटली कलंडली. ती त्यांनी सरळ केली, झाकण लावलं. पोरांचे हात कामात असले की तोंड मोकळं होतं, हे त्यांना वर्कशॉपने शिकवलं होतं. त्यांनी सुई तिच्या हातात दिली, डोकं धारेकडेच ठेव म्हणाले आणि शेजारी बसून राहिले.

अक्षरं कोरता कोरता मुंगी तुकड्यातुकड्यांनी सांगत गेली. बाबा कापत नाहीत, नुसती धरतात. आई निघून जाईन म्हणाली की धरतात. मागच्या वेळी थोडं लागलं. म्हणून आई गळ्याला रुमाल बांधते. आबांनी त्या रुमालाबद्दल लेकीला विचारलं होतं. लाँड्रीतल्या वाफेने घशाला त्रास होतो, असं ती म्हणाली होती आणि त्यांनी तिला हळदीच्या गोळ्या दिल्या होत्या.

"बाबा सगळं वाचतात," मुंगी म्हणाली. जावई छापखान्यात मुद्रितं तपासायचा. साबणाचं वेष्टण, बिलाची मागची बाजू, भिंतीवरची पाटी, काही सोडत नसे. "आपण बोललेलं त्यांना ऐकू येत नाही. पण लिहिलेलं असलं की ते वाचतातच."

'बा'चा काना तिने नीट खाली ओढला. अक्षर सुरेख आलं होतं. आता बॅटरी लावू या म्हणाली. आबांनी बॅटरी लावली नाही. त्यांनी सुरी टॉवेलात गुंडाळली आणि कपाटात ठेवून कुलूप घातलं.

मुंगीचा चेहरा पांढराफटक पडला. ड्रॉवरमध्ये सुरी दिसली नाही तर बाबा आईला विचारतील, हे ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. आबा तिच्यापुढे उकिडवे बसले. ते अक्षर चुकीचं नव्हतं. पण बाबा ते वाचतील आणि तरी थांबणार नाहीत, हे त्यांना सांगावं लागलं. इतक्या लहान पोराला इतकं वाईट काही त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. मग त्यांनी तिला शेजारच्या मावशींकडे सोडलं, कोणीही आलं तरी दार उघडू नका म्हणून बजावलं आणि ते लाँड्रीकडे निघाले.

लेक चादरींच्या घड्या घालत होती. वडिलांना अवेळी आलेलं पाहून तिचा हात आधी रुमालाकडे गेला. सुरी माझ्याकडे आहे, मुंगीने सगळं सांगितलंय, एवढंच ते म्हणाले. लेकीने घडी पुरी केली, दुसरी चादर उचलली.

"सुरी द्या, आबा. मी जाऊन ठेवते."

"नाही देणार."

"घरात अजून तीन आहेत. सगळ्या आणणार का?"

"सुऱ्या नाही, तुला न्यायला आलोय."

तिने हातातली चादर खाली ठेवली. मग खालच्या आवाजात म्हणाली की त्याने सांगून ठेवलंय, तू गेलीस तर मी पोरीला शाळेतून उचलेन, आणि तो बाप म्हणून शाळा तिला त्याच्या ताब्यात देईलही. तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने लगेच उचलला. "हो, मीच दिली. धार लावायला, आबांकडे. येताना आणते. भाजी काय करू?" आवाज अगदी रोजचा होता, जरासा हसरा. मुलीला इतकं सफाईदार खोटं बोलता येतं, हे आबांना माहीत नव्हतं. ते किती दिवसांत शिकून झालं असेल, याचा अंदाज बांधवेना.

फोन नवऱ्याचा होता. तो आज लवकर आला होता, आणि आल्या आल्या त्याने ड्रॉवर उघडला होता. चादरी तशाच टाकून ती दुकानाची पायरी उतरली. कोपऱ्यावर एक रस्ता तिच्या घराकडे जायचा, एक आबांच्या. ती तिथे थांबली. मग ती त्यांच्या रस्त्याला वळली आणि इतकी भराभर चालू लागली की आबांना धाप लागली.

मुंगीला घेऊन तिघं आत आली. आबांनी कडी लावली, वरचा अडसर लावला, खिडक्या ओढून घेतल्या. घरात नेलपॉलिशचा वास कोंडला. फोन वाजायला लागला होता आणि कोणी तो उचलत नव्हतं.

मुंगीने विचारलं की उद्या सकाळी शाळेत कोण सोडणार.

"उद्या शाळा नाही," तिची आई म्हणाली.

"उद्या आहे."

"तुला नाही."

मुंगीने आबांकडे पाहिलं. शाळा बुडवलेली आबांना मुळीच खपत नसे. ते दाराला पाठ लावून उभे होते. त्यांनी मान हलवली, आई म्हणते तसंच.