पायमशीनचा फोन

"अहो, मान जरा डावीकडे. अजून थोडी. हं, आता बोला!"

"काय बोलू?"

"काही पण बोला हो!"

"मले चहा पायजे," प्रेमसिंग टेलिफोनच्या चोंग्यात म्हणाला. टेबलाखाली घुसलेला निजामुद्दीन तिथूनच हसला, "भाभी, एक्सचेंजचा बाबू अजून जागेवर बसला नसन, आन याची फर्माईश सुरू!"

प्रेमसिंगची बायको ललिताही हसली, पण छातीशी घेतलेली तान्ही रुपा तिनं आणखी घट्ट धरली. शेठजी आता कुठल्याही क्षणी येणार होते.

वाशीमच्या या कापसाच्या जिनिंगमध्ये प्रेमसिंग फिटर होता. आपला मुलूख मुंबई राज्यात गेला त्या हिवाळ्यात त्याचा एक हात रोलरमध्ये सापडला. तो सोडवायला त्यानं दुसरा घातला. कोपरं राहिली, मनगटं राहिली, बोटं गेली, पकड गेली. तेव्हापासून रुपाला घ्यायला तो पुढे झाला की ललिता नकळत अंग चोरायची. "राहू द्या, दूध ओकेल ती," असं काहीतरी म्हणायची. तोही मग मागे सरायचा. पोर अजून बसायलाही लागली नव्हती.

आता ऑफिसात टेलिफोनवरची जागा रिकामी झाली होती. अकोल्याचे कापसाचे भाव घ्यायचे, ते मुनीमजींना सांगायचे, एवढंच काम. शेठजी म्हणाले होते, "प्रेमसिंगले आवाज हाय, डोकं हाय. पण चोंगा कोन धरन? घंटीची दांडी कोन फिरवन? सोमवारी करून दाखवा, नाईतर मी दुसरा मानूस पायतो."

ललिता अमरावतीला इंटरपर्यंत शिकली होती. तिथलं एकही पुस्तक या कामी आलं नाही. पायमशीनवर रुपाचं झबलं शिवता शिवता तिची नजर आपल्याच पायांवर गेली आणि ती ताडकन उठली. "अहो! पाय!"

"काय चावलं?" प्रेमसिंग दचकला.

दुसऱ्या दिवशी तिच्या शिलाई मशीनचा पायडल, चाक, पट्टा, सगळं निजामुद्दीनच्या सायकल दुकानात. "मशीन लंगडं होईन भाभी तुमचं."

"होऊ द्या."

आज, सोमवारी, ते सगळं ऑफिसच्या टेबलाखाली बसलं होतं. मडगार्डच्या तारा वाकवून केलेल्या दांड्यावर चोंगा प्रेमसिंगच्या कानाशी टेकलेला. चोंगा ठेवायच्या जागी, फोन बंद राहावा म्हणून, एक वजनदार पट्टी. डाव्या पायाखालची फळी दाबली की सुतळी ती पट्टी उचलायची आणि फोन सुरू व्हायचा. उजवा पाय पायडलवर. चाकाचा पट्टा थेट टेलिफोनच्या घंटीच्या दांडीला.

शेठजी आले, मागून मुनीमजी. शेठजींनी टेबलाखाली वाकून पाहिलं. "हे काय, शिंप्याचं दुकान टाकलं काय रे? बरं, लाव अकोला."

प्रेमसिंगनं पायडल मारला. घर्र करत दांडी फिरली आणि ललिता पुढे वाकली. फिरली! खरंच फिरली! पण फिरायची थांबेना. जड लोखंडी चाक आपल्याच वेगानं पळत राहिलं. प्रेमसिंगनं घाईनं फळी दाबली, तर चोंग्यातला आवाज सगळ्या खोलीला ऐकू गेला.

"कोन हाय रे? आग लागली काय? काहून घंटीवर घंटी देऊन राह्यला?"

"बाबूजी, आग नाई! पाय... चाक थांबून नाई राह्यलं!"

मुनीमजी तोंडावर उपरणं धरून हसत सुटले. ललितानं झेप घेऊन चाकावर तळहात दाबला, तेव्हा कुठे ते थांबलं.

शेठजी हसले नाहीत. "आन आता बाई रोज चाकापाशी बसनार काय?"

ललितानं चाकावरच्या आपल्या तळहाताकडे पाहिलं. आणि मग तिला कळलं. शिवणाऱ्याचा पाय टीप संपली की टाच खाली दाबून चाक धरतो, आपोआप धरतो. इतका आपोआप, की ते सांगावं लागतं हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"टाच!" ती ओरडली. "अहो, फिरवून झालं की टाच दाबून ठेवा. चवडा नाही, टाच!"

"आधी सांगायचं ना!"

"मला काय माहीत मला माहीत आहे ते!"

"भांडू नका भाभी," निजामुद्दीन म्हणाला, "बाबू परत आग विझवाले धावन!"

प्रेमसिंगनं पुन्हा पायडल मारला. घर्र, घर्र. टाच. चाक जागच्या जागी थांबलं. फळी. "हॅलो, बाबूजी, अकोला बुक करा." आवाज कसा खणखणीत! थोड्या वेळानं उलट घंटी आली, त्यानं फळी दाबली आणि अकोल्याचा एकेक भाव तो मोठ्यानं सांगत गेला. मुनीमजी उतरवून घेत होते. ललिता रुपाचे गाल पुन्हा पुन्हा चुंबत होती. पोरीला कळेना, आईला आज झालंय काय.

"उद्या येळेवर ये," निघताना शेठजी म्हणाले.

संध्याकाळी तिनं अर्धवट झबलं काढलं. पायडल गेलेला, मशीनच्या डोक्यावरचं चाक आता हातानं फिरवायचं. उजवा हात चाकावर, डावा कापडावर. चटईवर रुपानं भोकाड पसरलं. ललितानं आपल्या अडकलेल्या दोन्ही हातांकडे पाहिलं.

"आन इकडे," प्रेमसिंग म्हणाला.

ती क्षणभर थांबली. मग उठून तिनं रुपाला त्याच्या कोपरांच्या वळणात ठेवलं. त्यानं मनगटं एकमेकांत अडकवली, पोर छातीशी घेतली आणि तोंडानं आवाज करत पायडल मारल्यासारखा पाय हलवायला लागला. घर्र, घर्र. टाच. रुपा गप्प झाली.

ललिता चाक फिरवत राहिली, डोळा त्या दोघांवर. टीप वाकडी गेली. तिनं ती उसवली नाही.