अर्ध्या पानाची झेरॉक्स

मी एक वही आहे. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, पाठीला लाल कापड लावलेली. गुरुबसप्पा मास्तरांनी मला लातूरच्या बाजारातून आणलं. किल्लारीजवळच्या एका गावात ते हायस्कूलला गणित आणि विज्ञान शिकवायचे.

त्यांनी आधी माझ्या प्रत्येक पानाच्या मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे गणिताच्या पायऱ्या, एकीखाली एक. उजवीकडे ती पायरी का घेतली, ते. मास्तरांची लेक सिंधु तेव्हा दहावीत होती. ती पायरीवर बोट ठेवून विचारायची. मास्तर तिचा प्रश्न जसाच्या तसा उजवीकडे उतरवायचे आणि खाली उत्तर लिहायचे. माझी उजवी बाजू अशी दोघांची आहे.

चौतिसाव्या पानावर दगडाचं गणित आहे. घराच्या माळवदावरून, मातीच्या सपाट छतावरून, म्हणजे ३.२ मीटरवरून, दगड सुटला तर जमिनीवर किती वेळात येईल? डावीकडे पहिली पायरी: सुरुवातीचा वेग शून्य. उजवीकडे: "अप्पा, शून्यच का?" आणि खाली मास्तरांच्या अक्षरात, "दगड नुसता सुटलाय, कुणी फेकलेला नाही, म्हणून. फेकला असता तर शून्य धरता आलं नसतं." उत्तर, ०.८ सेकंद.

त्र्याण्णव साली गणपतीच्या सुट्टीत सिंधु अभ्यासाला मला घेऊन मुरुडला आत्याकडे, सगुणाबाईंकडे गेली. विसर्जनानंतरच्या पहाटे जमीन हलली. मुरुडात भिंतींना तडे गेले. मास्तरांच्या गावात दगडमातीची घरं बसली. मास्तर आणि त्यांची बायको घरातच होते.

सगुणाबाई गावाकडं जाऊन आल्या आणि त्यांनी सिंधुला सांगितलं. ती रडली नाही. तिनं मला उघडलं, चौतिसावं पान काढलं.

"आत्या, अंथरुणातून दारापर्यंत यायला किती वेळ लागतो?"

सगुणाबाईंना काही कळलं नाही. "लई न्हाई लागत, बाई," त्या म्हणाल्या.

सिंधु उत्तराच्या आकड्याकडं बघत राहिली. मला तो आकडा पुसता आला नाही. माझ्या अंगावर जे लिहिलं जातं ते मला धरून ठेवावंच लागतं.

पुढं आत्यानंच तिला शिकवलं. बी.एस्सी. होऊन ती लातूरच्या एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायला लागली. तोवर गल्लोगल्ली क्लास झाले होते. नांदेड, उमरीकडची पोरं ट्रंका घेऊन एसटीतून उतरायची. क्लासच्या अंगद सरांनी सिंधुकडं मला पाहिलं आणि नोट्स म्हणून माझ्या झेरॉक्स काढायचं ठरवलं. फक्त डाव्या बाजूच्या.

झेरॉक्सवाला रियाज थांबला. "सर, अर्धं पान कशाला झाकायचं? मशीनला काय, पुरं निघतंय."

"उजवीकडल्याला मार्क न्हाईत," सर म्हणाले.

सिंधु शेजारीच उभी होती. रियाजनं माझ्या उजव्या बाजूवर पुठ्ठ्याची पट्टी ठेवली. बापलेकीचं सगळं बोलणं त्या पट्टीखाली गेलं. नंतर दुसऱ्या क्लासच्या हाती लागू नये म्हणून सरांनी मला ऑफिसच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

उमरीची जिक्रा अंगद सरांच्या बॅचला होती. एकदा ती नोट्स घेऊन ऑफिसात आली आणि हळूच म्हणाली, "सर, इथं शून्य कुठून आलं?"

"आधी पाठ कर. कळंल मागून."

कपाट सरांच्या खुर्चीमागंच होतं. तिचं उत्तर तिच्यापासून चार हातांवर, माझ्या चौतिसाव्या पानावर होतं. मी हललेसुद्धा नाही. मला हलताच येत नाही. ती "बरं सर" म्हणून गेली.

बारावीच्या परीक्षेत मनोऱ्यावरून खाली फेकलेला दगड आला. जिक्रानं पाठ केल्याप्रमाणं वेग शून्य धरला. उत्तर जुळेना. तिनं ते तीनदा खोडलं, घाबरली, आणि पुढचे प्रश्न तसेच राहिले. बाकी सगळ्या विषयांत पास झाली, भौतिकशास्त्रात गेली.

सिंधुला हे जिक्राच्या मैत्रिणीकडून कळलं. ती तडक ऑफिसात आली. "माझ्या अप्पांची वही हाय ती. द्या." एवढंच बोलली. सरांनी कुलूप काढलं. दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन उमरीच्या एसटीत बसली.

जिक्राच्या आईनं, बानोनं, चहा ठेवला. सिंधुनं चौतिसावं पान जिक्रासमोर धरलं. जिक्रानं उजवी बाजू वाचली. मग पुन्हा वाचली.

"मॅडम," ती म्हणाली, "एवढंच होतं?"

सिंधुनं पोरीच्या पाठीवर हात ठेवला आणि ऑक्टोबरच्या परीक्षेला पुन्हा बस म्हणून सांगितलं. जिक्रानं मान हलवली, पण ती हो होती की नाही, ते मलाही कळलं नाही. सिंधु मला तिथंच ठेवून गेली.

तेव्हापासून मी उमरीत भिंतीतल्या फळीवर आहे. जिक्रा घरातलं काम करते, धाकट्यांचा अभ्यास घेते. मला जागेवरून न उचलताच झटकते. उघडत नाही.

फळीवर वर्तमानपत्र अंथरलंय. ऑक्टोबरच्या परीक्षेचा अर्ज भरायची शेवटची तारीख त्यात छापली आहे. अजून नऊ दिवस आहेत. घरात कुणालाच ते माहीत नाही, कारण मी नेमकी त्या तारखेवर ठेवलेली आहे. तुमच्यापैकी कुणी त्या घरी गेलं, तर जास्त काही करू नका. मला फक्त वीतभर बाजूला सरकवा.