तोंड उघडं, दार बंद

मित्रांनो, मी एक जुनी प्रश्नपेटी आहे. जुनी म्हणजे तुमच्या आईबाबांपेक्षाही थोडी जुनी, तेव्हा जरा मान ठेवून ऐका. आणि ऐकता ऐकता माझ्या तोंडात चॉकलेटचे कागद कोंबू नका. तो अनुभव मी पोटभर घेतला आहे.

आमच्या गावातल्या दिवाणी वकिलांच्या एका फर्मनं मला करवून घेतलं. दिवाणी म्हणजे चोऱ्यामाऱ्यांचे खटले नव्हेत. घर, जमीन, जाण्यायेण्याची वाट, वारसा, असली भांडणं. फर्मचे थोरले वकील म्हणायचे, "लोक आमच्याकडे येतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. आमच्या जिन्याचीच धास्ती वाटते त्यांना. आपणच खाली उतरू या." तेव्हा त्यांच्या ऑफिसातलं एक लाकडी पार्टिशन काढलं होतं. त्याच्या फळ्यांतून सुतारानं मला घडवलं.

सुतार मोठा बडबड्या होता. "वकिलांची पेटी म्हणजे आत गेलेलं बाहेर येता कामा नये," असं म्हणत त्यानं माझ्या तोंडाच्या आत एक तिरकी फळी बसवली. कुणी बोटं घालून दुसऱ्याची चिठ्ठी काढू नये म्हणून. तळाला एक छोटंसं दार केलं आणि त्याला कुलूप लावलं. त्या फळीचं सगळ्यांनी काय कौतुक केलं! मीही फुशारून गेले. पुढे त्याच फळीनं माझा गळा धरला, पण ते नंतर.

मला वाचनालयाच्या व्हरांड्यात टांगलं. माझ्या शेजारी काचेच्या दाराचा एक बोर्ड आणि दोरीला बांधलेलं चिठ्ठ्यांचं पॅड. प्रत्येक चिठ्ठीचे दोन भाग, दोन्हींवर एकच नंबर. नाव लिहायचं नाही. प्रश्न लिहून अर्धी चिठ्ठी माझ्यात टाकायची, नंबराची अर्धी स्वतःजवळ ठेवायची. काही कागदपत्र असेल तर सोबत जोडायचं. शनिवारी सकाळी फर्मचे हेडक्लार्क किल्ली घेऊन यायचे. त्यांच्या कॉलरला नेहमी टाचण्या खोचलेल्या असत, म्हणून सगळे त्यांना टाचणीकाका म्हणत. ते माझं दार उघडत, चिठ्ठ्या मोजून नेत आणि पुढच्या शनिवारी थोरल्या वकिलांच्या अक्षरातली उत्तरं नंबरासकट बोर्डावर लावत. लोकांचे कागद पाकिटात घालून, वर नंबर टाकून ग्रंथपालांकडे परत ठेवत. सगळं फुकट बरं का. आणि कुणाचं नाव कुणाला कळत नसे.

काय काय प्रश्न यायचे! शेजाऱ्याच्या झाडाची फांदी माझ्या गच्चीवर येते, फळ कुणाचं? घरमालक पाणी तोडतो, काय करू? एकानं तर प्रेमपत्रच टाकलं. चुकून की मुद्दाम, देव जाणे. तुमच्याएवढ्या एका मुलीनं लिहिलं होतं, "समोरच्या काकांनी माझा चेंडू ठेवून घेतला आहे. केस करता येईल का?" थोरल्या वकिलांनी तिलाही नीट उत्तर दिलं: "आधी बेल वाजवून मागून बघावा. पुष्कळशी भांडणं दारातच मिटतात." पुढच्या शनिवारी ती मुलगी चेंडू हातात घेऊन बोर्डासमोर उभी होती. त्या दिवशी मला काय वाटलं म्हणून सांगू! मी काही नुसती पेटी नव्हते. अख्ख्या गावाचा विश्वास माझ्या पोटात होता.

मग थोरले वकील वारले. टाचणीकाका निवृत्त झाले. फर्म मोठ्या इमारतीत गेली आणि थोरल्यांची मुलगी, म्हणजे आमच्या वकीलबाई, सगळं बघू लागल्या. बाई मनानं वाईट मुळीच नव्हत्या. त्या शाळांत जाऊन व्याख्यानं देत, झाडं लावत, धावण्याच्या शर्यतीला फर्मचे टी-शर्ट वाटत. प्रश्नांसाठी त्यांनी वेबसाइट काढली आणि प्रश्नपेटी बंद करायची असं ठरवलं.

आता बंद कशी केली ते ऐका. अशी चूक वकीलच करू जाणे. त्यांनी वाचनालयाला एक रीतसर पत्र पाठवलं: अमुक तारखेपासून सदर पेटी बंद समजावी. ग्रंथपालांनी सही करून पत्राची पोच दिली. पोच फर्मच्या फाइलला लागली, पत्र वाचनालयाच्या फाइलला लागलं. दोन्हीकडे कामं चोख. फक्त माझ्या तोंडावर साधी पट्टी चिकटवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही! पॅड तसंच दोरीला, बोर्डावर जुनी उत्तरं तशीच. लोक येत राहिले, लिहीत राहिले, टाकत राहिले.

पुढच्या महिन्यात व्हरांड्याला रंग दिला. रंगाऱ्यांनी भिंतीबरोबर मलाही पिवळा रंग फासला, दार-कुलपासकट.

मित्रांनो, कोंडून राहणं म्हणजे काय ते मला विचारा. अकरा महिने मी एकेक चिठ्ठी गिळत होते. "लवकर सांगा." "फार अडचणीत आहे." "पुन्हा विचारते, रागावू नका." ती तिरकी फळी असताना एक कागद ओकून टाकावा म्हटलं तरी सोय नाही. ओरडावंसं वाटायचं, की अरे बाबांनो, टाकू नका, इथं कुणी वाचत नाही! पण मला तोंड दिलंय ते फक्त घ्यायला. मला स्वतःची इतकी चीड कधीच आली नव्हती.

आणि अशात एका गुरुवारी शिवणवाल्या ताई आल्या.

कपडे उसवून पुन्हा अंगाबेताचे करून देणं हा त्यांचा धंदा. खांद्याला पिशवी, पिशवीत फडक्यात गुंडाळलेली मोठी कात्री. ती कात्री त्या कुणाला कागदाला लावू देत नसत. धार जाते म्हणे. त्यांचे यजमान रंगारी होते. परांचीवरून पडले आणि तेव्हापासून चाकाच्या खुर्चीत होते. ताईंनी व्हरांड्याच्या कट्ट्यावर बसून लिहिलं. एकेक शब्द मला अजून पाठ आहे.

"आमच्या घरातून रस्त्यावर जायला शेजारच्या आवारातून सपाट वाट आहे. बावीस वर्षं वापरतो. नवीन शेजारी तिथं भिंत बांधणार. पालिकेची नोटीस आली आहे, हरकत असल्यास तीस दिवसांत कळवा. मागच्या बाजूला अठरा पायऱ्या आहेत. भिंत झाली तर यांना घराबाहेर पडता येणार नाही. काय करू?"

आणि चिठ्ठीला त्यांनी ती नोटीस जोडली. मूळ नोटीस! पॅडवर लिहिलेलंच होतं ना, संबंधित कागद जोडावा. सहा वर्षांपूर्वी दाखल्यातल्या नावाचा प्रश्न विचारला होता, तेव्हा उत्तरही मिळालं होतं आणि कागदही परत. त्यांनी विश्वासानं दोन्ही माझ्या तोंडात सरकवलं. नंबर सहाशे बारा.

पहिल्या शनिवारी त्या बोर्डाजवळ आल्या. दुसऱ्या शनिवारीही आल्या. ग्रंथपाल नवीन होते, त्यांना विचारलं.

"साहेब, उत्तरं कधी लावतात हो?"

"शनिवारी लावतात ना," ग्रंथपाल वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले. "बघत राहा."

बघत राहा! मी आतून जळत होते. तिसऱ्या शनिवारी ताईंनी दुसरी चिठ्ठी टाकली: "सहाशे बारा. कृपा करून घाई करा." जाताना माझ्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "तुझ्यावरच आहे बाई सगळं." अहो, असं मला म्हणू नये कुणी.

चौथ्या शनिवारी नोटिशीचा तिसावा दिवस होता. त्या दिवशी ताई यजमानांना घेऊन आल्या. वाट अजून मोकळी होती ना. ताईंनी पुन्हा बोर्ड वाचला, मग कट्ट्यावर मटकन बसल्या.

"काय गं, लागलंय का?"

"नाही हो. काहीच नाही."

रंगारी खुर्ची पुढे घेऊन माझ्याखाली आले. उभ्या माणसाला माझा तळ दिसत नाही. बसलेल्या माणसाला तो नाकासमोर असतो. त्यांनी मान वाकडी करून पाहिलं, अंगठा फिरवला आणि त्यांचा चेहराच बदलला.

"अगं, इकडे ये. हा रंग बघ. दाराच्या फटीवर अख्खी साय धरलीय. एकदा जरी दार उघडलं असतं तरी ही तुटली असती. आठ-दहा महिन्यांचा रंग आहे हा. तुझी चिठ्ठी कुणी वाचलेलीच नाही."

ताईंनी ग्रंथपालांना हाक मारली. ग्रंथपाल धावत आले, फाइल चाळली, पत्र सापडलं, त्यांना घाम फुटला. फर्मला फोन लावला, तर तिकडून उत्तर आलं: किल्ली कुठे आहे ते कुणाला माहीत नाही, भेटीची वेळ बुधवारची मिळेल. घड्याळात पावणेअकरा. पालिकेची कचेरी शनिवारी एकला बंद होणार आणि हरकतीत लिहायचा नंबर नोटिशीवर, नोटीस माझ्या पोटात.

"बुधवार?" ताई म्हणाल्या. "बुधवारी काय भिंतीला हार घालू?"

त्यांनी पिशवीतून कात्री काढली. तीच ती. फडकं सोडलं, पातं माझ्या दाराच्या फटीत घातलं आणि सगळा जोर लावला. रंग फुटला, बिजागरी उचकटली, माझी एक फळी कडाडून दुभंगली. दुखलं हो, खूप दुखलं. पण त्या पाठोपाठ माझ्यातून एकदम सगळं खाली कोसळलं: चिठ्ठ्या, पाकिटं, चॉकलेटचे कागद आणि ती नोटीस. अकरा महिन्यांनी मी श्वास घेतला.

ताईंनी सगळे कागद पिशवीत भरले. फक्त स्वतःचा नव्हे, सगळे. मग मला खिळ्यावरून उतरवून यजमानांच्या मांडीवर ठेवलं आणि खुर्ची ढकलत निघाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी व्हरांड्याबाहेर पडले.

नव्या ऑफिसात लिफ्ट होती, एवढं बरं. काउंटरवरची मुलगी वेळ घेतली आहे का म्हणून विचारत होती, तेवढ्यात वकीलबाई बाहेर आल्या. मला पाहून थबकल्या.

"ही... ही बाबांची पेटी."

"तुमचीच," ताई म्हणाल्या. "फोडली मी. भरून देईन. आधी हे वाचा."

वकीलबाईंनी चिठ्ठी वाचली. त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: "पण पेटी बंद केल्याचं पत्र दिलं होतं आम्ही. पोच आहे आमच्याकडे."

"पत्र वाचनालयाला दिलंत," रंगारी शांतपणे म्हणाले. "प्रश्न आम्ही टाकत होतो. आम्हाला कुणी सांगितलं?"

बाईंचे कान लाल झाले. त्यांनी आत जाऊन कागद आणला आणि तिथेच काउंटरवर, उभ्यानं, स्वतःच्या हातानं हरकत लिहिली. बावीस वर्षांची वहिवाट, अठरा पायऱ्या, चाकाची खुर्ची. ताईंची सही घेतली आणि त्यांना गाडीत घालून स्वतः कचेरीत घेऊन गेल्या. रंगारी आणि मी काउंटरजवळ थांबलो. ते माझी दुभंगलेली फळी बोटांनी चाचपत बसले होते. सव्वा वाजता दार उघडलं आणि ताईंच्या हातात शिक्का मारलेली प्रत होती. बारा चाळीसचा शिक्का.

त्या दुपारी वकीलबाई घरी गेल्या नाहीत. त्यांनी बाकीच्या सदतीस चिठ्ठ्या टेबलावर पसरल्या आणि एकेक वाचली. काहींची वेळ निघून गेली होती. एकीशी त्या फार वेळ थांबल्या. नंबर पाचशे सत्याऐंशी. त्यात लिहिलं होतं: "आईनं घर आम्हा दोघांच्या नावावर ठेवलंय. भाऊ म्हणतो तुझा हक्क सोडल्याची सही कर, नाहीतर इथं पाऊल ठेवू नकोस. या महिन्याअखेर सही आहे. करू का? तुमचं उत्तर आलं नाही, तर करायची असं समजेन."

ती चिठ्ठी नऊ महिन्यांपूर्वीची होती. वकीलबाईंनी चष्मा काढून पुसला आणि ती चिठ्ठी पुन्हा पहिल्यापासून वाचली.

आता मी परत व्हरांड्यात आहे. रंगाऱ्यांनी मला सांधलं, हिरवा रंग दिला आणि ती तिरकी फळी उपटून टाकली. तळाला दार बसवू का म्हणून विचारलं, तर वकीलबाई म्हणाल्या, "नको. बसवूच नका." त्यामुळे आता तोंडात टाकलेली चिठ्ठी सरळ खालच्या टोपलीत पडते, ग्रंथपालांच्या डोळ्यांसमोर. शनिवारी वकीलबाई स्वतः येतात. रंगारीही दर शनिवारी येतात, आपल्या सपाट वाटेनं, आणि माझ्या रंगाला पोपडे आलेत का ते बघतात. मला आता सगळे बिनपोटाची पेटी म्हणून चिडवतात. चिडवू देत. माझ्यात काही अडकत नाही, याहून मोठं सुख मला ठाऊक नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसा, त्यांना रंग द्या, ते तर कराच. पण एखादी पेटी बंद करायची झाली तर आधी तिचं तोंड बंद करा आणि तिच्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला तसं सांगा. पोच घेऊन मोकळे होऊ नका.

आणि एक काम कराल माझं? आज घरी गेलात की आईला, मावशीला, आत्याला विचारा. कुणाच्या पाकिटात पाचशे सत्याऐंशी नंबराची अर्धी चिठ्ठी आहे का? तिचं उत्तर बोर्डावर लावलेलं आहे. वकीलबाई दर शनिवारी त्याची टाचणी बदलतात. त्यात लिहिलंय: "सही करू नका. केली असेल तरी या. चूक तुमची नाही, आमची आहे."

ती अजून आलेली नाही.