माणसं: दोन

पौर्णिमा हिशेबाची इतकी पक्की, की भाजीवाली तिला सुट्टे पैसे देताना दोनदा मोजायची. सिंदी मेघेला राहून, वर्ध्याच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासून, नऊ वर्षं घरचा डबा खाऊन तिने पाच लाख साठ हजार जमवले होते. पाठीवर एक पिशवी टाकून सात महिन्यांत सहा देश पाहायचे. आधी नेपाळातली लुंबिनी, मग श्रीलंका, थायलंड, लाओस, कंबोडिया, व्हिएतनाम. त्यासाठी तिने खास वही केली होती. देश, दिवस, माणसं, बिछाना, जेवण, व्हिसा, अडीअडचण, असे रकाने आखलेले. बेरीज आली पाच लाख चाळीस हजार. बाई खुशीत झोपल्या.

सकाळी वही उघडली तर बेरीज दहा लाखांच्या वर! माणसांच्या रकान्यात सगळीकडे एकच्या जागी दोन, आणि पुढचे सगळे आकडे दुप्पट. खाडाखोड कुठेच नाही. अक्षर तिचंच.

आपणच झोपेत काहीतरी केलं असेल, असं म्हणून तिने नव्या पानावर सगळं पुन्हा मांडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन. तिसऱ्या दिवशी वही कपाटात ठेवून किल्ली उशाखाली घेतली. सकाळी कुलूप जसंच्या तसं होतं आणि आत सगळीकडे दोन होते.

घरात दुसरं माणूस म्हणजे वडील, नत्थूजी. एसटीच्या आर्वी डेपोतून रिटायर झालेले कंडक्टर.

"बाबा, माझ्या वहीत तुम्ही लिहिलं का?"

"मी काऊन लिहीन? माहा चष्मा तं दोन दिवसापासून सापडून नाई राह्यला."

चष्मा त्यांच्याच कपाळावर होता. तो खाली ओढून त्यांनी वही घेतली आणि रकान्यावरून बोट फिरवत गेले. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. गाडीतली डोकी मोजायची आणि फाडलेल्या तिकिटांशी ताळा घ्यायचा. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"गाडीत एक माणूस जास्त हाय."

"कोण?"

"माह्या गाडीत एक डोकं जास्त निघालं, तं ती तुही माय राहे. घरच्या पासवर बसे. तिचं तिकीट मी कधी फाडलंच नाई. हिशेबात तिले धरतच नव्हतो मी."

बाबांनी आईचं तिकीट फाडलं नाही, एवढंच. पौर्णिमाने तर आईला ताटकळत ठेवलं होतं. आईने, धुरपताबाईंनी, कधी फार काही मागितलं नाही. "मले लुंबिनी तेवढी दाखव, बाकीचे देश तू पाय," एवढंच. दोघींचा लुंबिनीचा खर्च तेव्हा जेमतेम चौदा हजार होता आणि तेवढे पैसे बँकेत पडून होते. पण पौर्णिमाला एकदमच मोठा दौरा करायचा होता. "पुढच्या वर्षी, आई. बजेट बसू दे." असं सात वर्षं चाललं. गेल्या वैशाखात आई गेली.

पौर्णिमा खूप रडली. मग नाक पुसून तिने लाओस, कंबोडिया, व्हिएतनामवर काट मारली आणि उरलेल्या देशांपुढे स्वतःच्या हाताने, जागेपणी, दोन लिहिलं. सात महिन्यांचे साडेतीन झाले, तर होऊ देत.

दुसऱ्या दिवशी नव्या पानावर सहाही देश परत मांडलेले होते. लुंबिनीपुढे दोन. बाकी सगळीकडे एक.

"तिचं स्टेज तिथवरच हाय," नत्थूजी म्हणाले. "उतरन तिथं."

पौर्णिमाने लगेच लुंबिनीच्या धर्मशाळेला फोन लावला. तिकडचा माणूस हिंदीत बोलत होता. वर्ध्याहून येतेय, मार्चमध्ये, दोन बिछाने हवेत, एवढंच तिने सांगितलं.

"वर्ध्याहून? मग आणखी एकच लागेल ना," तो म्हणाला. "तुमच्या बाई तर कालच आल्यात. हिरवं लुगडं नेसलेल्या. त्यांचा बिछाना घातलाय, पण दाराशी बसून आहेत, आत या म्हटलं तर येत नाहीत. मुलगी येतेय म्हणतात. पैशाचं विचारलं, तर म्हणाल्या, पास आहे."

आईला शेवटचं हिरव्या लुगड्यातच नेलं होतं.

तिने फोन ठेवला आणि सगळं बाबांना सांगितलं. नत्थूजी उठले, फळीवरचा कागदपत्रांचा डबा काढला आणि एकेक कागद बाजूला केला. घरच्या पासचं प्लॅस्टिकचं पाकीट निघालं, पण रिकामं. ते पाकीट त्यांनी पौर्णिमासमोर धरलं.

"मार्च कायले करतं?" ते म्हणाले. "तिले अजून किती दिवस बसवून ठेवशीन?"

संध्याकाळच्या गाडीत जागा नव्हती. पौर्णिमाने जनरलचं तिकीट काढलं. वही टेबलावरच राहिली, आणि बेरीज अजून करायची होती.