धारबाबांचा एकच प्रश्न

सकाळच्या धारा उरकतात न उरकतात तोच गोठ्यासमोर गर्दी झाली. कुणी पालथ्या बादलीवर बसलं, कुणी चाऱ्याच्या गंजीवर चढलं. मधोमध धारबाबा, डोळे मिटून, नुकत्याच व्यालेल्या गाईच्या कानाशी तोंड नेऊन उभे होते. त्यांनी जोरात फुंकर मारली. गाईने कान झटकला.

"स्वीकारलं हिने! आता दूध चढणार!"

सासूबाईंनी हात जोडले. सून मात्र दाराशी गुरांच्या डॉक्टरीणबाईंजवळ उभी होती.

"खरंच वाढेल?" तिने हळूच विचारलं.

"वाढेल की. व्यायल्यावर पहिले काही आठवडे दूध चढतंच. हे महाराज कधी आटत आलेल्या गाईला फुंकताना पाहिलेत?"

सुनेला हसू आलं, पण पुरतं नाही. फुंकर फुकट होती. खरी धास्ती होती ती कालवडींच्या निवाड्याची. शेजारच्या प्रत्येक गोठ्यात बाबांनी एखादी कालवड 'कोरडी' ठरवली होती. ती ठेवली तर घरातल्या साऱ्या गाई आटणार, आणि ती नेऊन घरावरचं संकट टाळायला बाबांचा शिष्य टेम्पो घेऊन हजर. किंमत अर्थातच संकटाला शोभेल अशी, कवडीमोल. आज या घरची पाळी होती. आईगाय आजारी पडली तेव्हा सुनेने बाटलीने दूध पाजून वाढवलेली कालवडही दुसरीशेजारी खुंट्याला बांधलेली होती.

"मौन!" बाबा गरजले. "मी विचारीन त्यानेच बोलायचं. दुसरा शब्द पडला तर दृष्टी भंगते!"

बाबा दोन काळ्यापांढऱ्या कालवडींसमोर आले. पहिलीच्या, सुनेने बाटलीवर वाढवलेल्या कालवडीच्या, पाठीवर हात ठेवून सुनेला म्हणाले, "हिची आई कोण?"

"ती कोपऱ्यातली. लवकर आटते."

सासूबाईंचे डोळे विस्फारले. तोंड उघडलं, पण मौन आठवून त्यांनी पदरच तोंडात कोंबला.

"आणि ही?"

"हिची आई गोठ्यातली सगळ्यात दुधाळ. बापही नामांकित वळू."

बाबांना एकदम कंप सुटला. "कोरडी! हिच्यात थेंब उतरणार नाही. आजच घराबाहेर काढा! ती पहिली मात्र घराचं भाग्य."

शिष्याने दुसरीच्या गळ्यात दोर अडकवलासुद्धा.

"न्या की," सून म्हणाली. "पण दुधाळ गाईची लेक ती नव्हे, पहिली. मी उलटं सांगितलं."

शिष्याच्या हातातला दोर सैल पडला. त्याने आधी बाबांकडे पाहिलं, मग टेम्पोकडे.

सासूबाईंनी पदर बाहेर काढला. "मघापासून जीव गुदमरतोय माझा! अहो बाबा, माझं भाग्य कालवडीत होतं की हिच्या थापेत?"

"शक्तीची परीक्षा घेतलीत! ती रुसली!" बाबा चपला शोधू लागले.

"रुसू दे," डॉक्टरीणबाई पुढे झाल्या. "पण शक्तीला आई कशाला विचारावी लागते? कास किती दूध बनवू शकेल हे बरंचसं आईबापाकडून आलेल्या जनुकांवर ठरतं. शरीरातल्या संप्रेरकांचा हुकूम कासेने किती मानायचा, तेही त्या जनुकांतच असतं. ती हमी नव्हे, शक्यता. बाकी चारा, पाणी, सांभाळ. हे यांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर चांगल्या वंशाच्या तेवढ्या कालवडी कोरड्या निघतात."

गर्दीतून एक म्हातारा ओरडला, "माझी कोरडी कुठे विकलीत रे?" आणि त्याच्यामागे बरेच जण टेम्पोकडे निघाले. बाबा अनवाणीच पुढे पळाले.

सासूबाई दुसऱ्या कालवडीचा दोर सोडत होत्या. "हिला दूध कमीच असेल का गं?"

"असेलही, नसेलही. व्याली की धार काढून बघू."

"बघूच," सासूबाई म्हणाल्या. "आता कुणी काही सांगितलं की आधी विचारायचं: तुम्हाला कसं कळलं?"

गाईने पुन्हा कान झटकला. माशी होती.